जिनिंगमधली घडवंची

आत्याबाई, तुमच्या घडवंचीचा अर्थ मला गेल्या मंगळवारी कळला. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. पाण्याचे हंडे ठेवायची ती लाकडी घडवंची तुम्ही घरातून उचलून जिनिंगमध्ये नेलीत, त्याला पंचवीस. आणि मी, जिला 'बारावी शिकलेली सून' म्हणून तुम्ही गावभर मिरवलंत, तिला कळायला एवढा वेळ लागला. केजच्या एका डाळ मिलमध्ये तूरडाळ निवडायच्या सरकत्या पट्ट्यापाशी मी उभी होते, हातात मोजायचा टेप होता आणि तोंडात भाषण होतं. ते भाषण वाक्याच्या मध्येच थांबलं आणि परत काही केल्या सुरू होईना. बायकांना वाटलं मला भोवळ आली. एकीनं पाण्याचा तांब्या आणून दिला, तो मी अख्खा पिऊन टाकला.

मी हल्ली काय काम करते ते आधी सांगते, कारण तुमच्या वेळी असलं काम नव्हतं. एका संस्थेतर्फे मी छोट्या छोट्या कारखान्यांतून फिरते. डाळ मिल, जिनिंग, तेलाचे घाणे, पत्र्याच्या कोठ्या करणारे, असे सगळे. तिथं माणसं कशी उभी राहतात, किती वाकतात, ओझं कुठून उचलतात, किती तासांनी बूड टेकतात, पाळी बदलल्यावर त्यांची झोप होते का, हे बघायचं, मोजायचं आणि मालकाला सांगायचं की टेबल चार बोटं वर घ्या, पोती हलकी भरा, आठवड्याला पाळी फिरवू नका. तुम्ही हे ऐकलं असतं तर हनुवटीला हात लावून म्हणाला असता, "बसायचं कसं ते शिकवायचा बी पगार देत्यात व्हय?" देतात, आत्याबाई. महिन्याच्या महिन्याला देतात. आणि ज्या बाईनं ते मला खरं शिकवलं, तिला मी हयातभर गर्विष्ठ समजले.

ती जिनिंग आठवते तुम्हाला? तुम्हाला कसं विचारते मी हे. उमापूरच्या अलीकडचं ते लांबच लांब पत्र्याचं शेड. एका ओळीत चौदा मशीन, प्रत्येकापुढं कापसाचा ढीग. आम्ही ओंजळीनं कापूस उचलून मशीनच्या तोंडात घालतोय, सरकी खाली गळतेय, रुई पलीकडं पडतेय. आवाज इतका की शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागायचं. नाकातोंडात बारीक तंतू जाऊन संध्याकाळी सगळ्या खोकायच्या आणि खोकता खोकता हसायच्या, कारण सगळ्यांच्या भुवया म्हाताऱ्यांसारख्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. पाळी बारा तासांची. सकाळी आठला उभं राहायचं ते संध्याकाळी आठपर्यंत, मध्ये भाकरी खाण्यापुरतं काय ते बसणं. कापूस फार आला की पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. मग भूक कधी लागते आणि झोप कधी येते हे शरीरालाच समजेनासं व्हायचं. कुणाच्या पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आलेल्या, कुणाचं अंग बाहेर येत होतं, कुणाला महिन्याचे चार दिवस चालवत नव्हतं. हे बोलायचं कुणी नाही. बोलून कुणाला सांगणार? मुकादम तुमचे धाकटे दीर, म्हणजे आम्हा सगळ्या सुनांचे सासरे.

आम्ही चौदाही जणी एका गावच्या, बहुतेक एकाच भावकीतल्या. पहिलं मशीन तुमचं, कारण तुम्ही सगळ्यांत थोरल्या. दुसरं तुमच्या जावेचं, मी त्यांना धाकट्या आत्या म्हणायची. मग मानानं एकेक करत शेवटी, दारापाशी, चौदावं माझं. तो हंगाम सुरू झाला तेव्हा मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, दुसरं पाचव्यात, आणि दुसऱ्या वेळी मी याच मशीनपाशी उभी होते. गेवराईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ह्या वेळी उभं राहायचं नाही. काम सुटत नसेल तर बसून कर. पण उभी राहिलीस तर मी काही सांगू शकत नाही." तुम्ही तिथंच दाराशी पदर तोंडाला लावून ऐकत होतात. घरी बसायचा प्रश्नच नव्हता. हंगामात एकदा मशीन सोडलं की ते दुसरीचं झालं. म्हणजे काम करायचं आणि बसून करायचं, एवढं एकच उरलं होतं, आणि त्यावर माझ्या पोटातला जीव अवलंबून होता.

आणि गंमत बघा, बसायची सोय होती. दिवाळीच्या आधी सरकारी साहेब येऊन गेले होते. भला माणूस. गुडघ्यांवर बसून त्यांनी मशीनच्या तोंडाची उंची मोजली, दोघीतिघींना उभं करून, बसवून बघितलं, आणि मालकाला सांगून चौदा स्टुलं करून घेतली. सुताराला माप स्वतः दिलं. आज मी छातीवर हात ठेवून सांगते, माप अगदी बरोबर होतं. त्या स्टुलावर बसलं की हात कोपरात काटकोनात राहायचा, पाय भुईला टेकायचे, पाठ ताठ. पण आठ दिवसांत त्या स्टुलांवर भाकरीची गाठोडी आली, चपला आल्या, एकीनं तर वाळत घालायला लेकराचं झबलं आणून टाकलं. बसलं मात्र कुणी नाही. मुकादम म्हणाले, "ह्या बायकांना सुखच दुकतंय." साहेबांनी परत येऊन बघितलं, कपाळाला हात लावला आणि निघून गेले.

त्यांना कोण सांगणार की तुम्ही सासवा उभ्या असताना सुना बसणार कशा? बरं, तुम्ही दमल्यावर बसायचात त्या भुईवर, कापसाच्या ढिगाला टेकून. सासू भुईवर आणि सून वर, हे तर त्याहून वाईट. आणि समजा तुम्ही स्टुलावर बसला असतात, तरी चौदाही स्टुलं एका उंचीची. सासूच्या बरोबरीनं बसायचं? आमच्यापैकी एकीच्याही मनात ते आलं नसतं. मी घरीसुद्धा तुमच्यापुढं बाजेवर कधी बसले नाही. ही रीत अंगात अशी मुरलेली की ती आहे हेच जाणवायचं नाही. मला त्या वेळी कुणी विचारलं असतं, का बसत नाहीस, तर मी म्हणाले असते, "असंच."

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. डॉक्टरीणबाईंकडून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चुलीपुढं भाकरी थापतेय. तुम्ही घडवंचीवरचे दोन्ही हंडे आणि वरची कळशी उतरवून भुईवर ठेवताय. बाभळीची, कमरेएवढी उंच, चार दणकट पायांची घडवंची. मला वाटलं, पुसायला काढली. तुम्ही तिच्यावर पोतं टाकलं, सुंभानं आवळून बांधलं आणि डोक्यावर घेतली. तुमचा मुलगा दात घासत अंगणात उभा, तो म्हणाला, "आई, आगं पानी कुटं ठिवायचं मग?"

"भुईवर ठिव. पान्याला काय सासू हाय व्हय? कुटं बी बसंल."

तो हसला. मी हसले नाही. मला वाटलं, टोमणा मला आहे. तेव्हा मला तुमचं सगळंच टोमण्यासारखं ऐकू यायचं.

जिनिंगमध्ये तुम्ही ती घडवंची पहिल्या मशीनपुढं मांडलीत आणि पदर खोचून वर चढून बसलात. मग सगळी रांग मशीन सोडून बघायला लागली. नऊवारीतली धिप्पाड बाई, पाय अधांतरी लोंबताहेत, आणि हात मशीनपर्यंत पोचावेत म्हणून कमरेतून पुढं वाकलीय. धाकट्या आत्या तोंडाला पदर लावून हसल्या. मुकादम वजनकाट्यावरून धावत आले.

"वैनी, हंड्याच्या जागी तुमीच बसलाव का?"

"बसले. का, तुमाला पानी पायजे?"

"आन् स्टूल काय वाईट हाय?"

"मी थोरली हाय. मी सगळ्यांच्या वर बसनार. कुनाला काय म्हनायचंय?"

कोण काय म्हणणार? ते तुमचे धाकटे दीर. थोरल्या वहिनीशी मान वर करून बोलायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. टोपी सारखी करत ते काट्याकडं परत गेले, आणि पुढं पुढं तर रांगेकडं फिरकेनासेच झाले. काही सांगायचं तर लांबूनच ओरडायचे. मी तिकडं शेवटच्या मशीनपाशी लाजेनं मान खाली घालून उभी. तुम्ही अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर डाफरलात, "आन् तू कावून हुबी ऱ्हायलीस गं? बस की आता. का पालखी धाडू तुला?" मी बसले. रागारागानं, दात-ओठ खात बसले, पण बसले. इतके दिवस न बसलेली मी आज बसू कशी शकले, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

त्या दिवशी जे झालं ते मी आता पुन्हा पुन्हा मनात बघते. दुपारपर्यंत धाकट्या आत्या स्टुलावर बसल्या, कारण आता थोरली जाऊ त्यांच्या वर होती. पण बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या आणि सुना एका उंचीवर आल्या. त्यांनी गुपचूप दोन पोती घडी करून बुडाखाली घेतली. मग तिसऱ्या मशीनवालीनं दीड पोतं घेतलं. पाचवीनं एक. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, तरी संध्याकाळपर्यंत ती रांग जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत गेली होती. सगळ्यांत वर तुम्ही, सगळ्यांत खाली मी, उघड्या स्टुलावर. आणि उघडं स्टूल म्हणजे साहेबांनी मोजून दिलेली बरोबर उंची! जिला सगळ्यांत जास्त गरज होती तिच्याच वाट्याला ती आली. हे तुम्हाला ठाऊक होतं? तुम्ही ते धरून चालला होतात की आपोआप घडलं? मला वाटतं, ठाऊक होतं. साहेब मापं घेत होते तेव्हा तुम्ही त्यांच्या पाठीमागं उभ्या राहून टक लावून बघत होतात, हे मला पक्कं आठवतं.

तुमच्या बैठकीचं मात्र सगळं चुकीचं होतं. आता मला हे बोटावर मोजून सांगता येतं. बैठक उंच म्हणजे काम खाली गेलं, काम खाली म्हणजे दिवसभर कमरेतून वाकलेलं. पाय लोंबलेले, म्हणजे फळीची कड मांडीखाली रुतणार आणि रक्त पायात साचणार. मी प्रशिक्षणात फळ्यावर चित्र काढते, 'असे कधीही बसू नये' म्हणून, आणि त्याच्यावर फुली मारते. वर्षानुवर्षं मी ते चित्र काढत आलेय. ती आकृती अगदी तुमच्यासारखी आहे, नुसतं लुगडं नेसवायचं बाकी आहे, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे मी कुठं बघितलंय.

घरी आल्यावर तुम्ही भिंतीला टेकून पाय पसरायचात आणि मी कोमट तेलानं ते चोळायची. घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. मी वर बघायची नाही. मनात म्हणायची, आणखी बसा उंचावर, मोठं व्हायची हौस आहे ना! असं मी रोज म्हणायची, आत्याबाई. हात तुमचे पाय चोळत होते आणि मन हे बोलत होतं. तुम्ही डोळे मिटून विचारायचात, "पोटात फिरतंय का?" मी म्हणायची, "फिरतंय." त्यावर तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात आणि दुसरा पाय पुढं करायचात.

एकदा मला तुमची दया आली. सरकीच्या गोदामातून मी एक लाकडी खोकं आणलं आणि तुमच्या लोंबणाऱ्या पायांखाली सरकवलं. तुम्ही ते पायानं असं उडवलंत की ते घसरत धाकट्या आत्यांच्या स्टुलाला जाऊन आदळलं. "तुला उटायला कुनी सांगितलं? मी काय लुळीपांगळी हाय? जा, बस जाग्यावर!" सगळ्यांदेखत. मी रडत परत गेले आणि त्या दिवसापासून तुमच्याशी कामापुरतं बोलायला लागले. खोकं का उडवलंत, हे मला अजूनही नीट सुटलेलं नाही. मी तुमच्या सेवेला सारखी उठायला लागेन याची भीती वाटली? की एकीनं सासूचे पाय टेकवले तर बाकीच्यांनाही उठावं लागेल, म्हणून? का खरंच राग आला होता? राग तुम्हाला यायचा, हे काही मी आता विसरणार नाही.

गावात तुमचं नाव 'राणीसरकार' पडलं. बारशात, लग्नात, पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, राणीसरकारांना पाट द्या गं, नाही नाही, पाट कसला, घडवंची आणा. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि वर तोऱ्यात म्हणायचात, "आना की!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या माहेरीसुद्धा ते पोचलं. आईनं विचारलं, तुझी सासू जिनिंगमध्ये सिंहासनावर बसते म्हणे? मी म्हणाले, बसते. बाजू घेतली नाही. ह्या सगळ्यात माझे महिने भरत होते. पाचवा गेला, सहावा गेला, सातव्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावून मान डोलावली. हंगाम उतरता उतरता मुलगी झाली, टपोऱ्या डोळ्यांची, तुमच्यासारख्याच जाड आवाजाची. तुम्ही तिला घेऊन घरभर हिंडलात. पुढचे दोन हंगाम ती घडवंची तिथंच राहिली. कारण आता रांग बसायला लागली होती, आणि तुम्ही उतरला असतात तर सगळ्यांना उठावं लागलं असतं. मग आपोआप कापूस ओढणारी मशीन आली आणि चौदा जणींचं कामच संपलं. तुमची कंबर तोवर वाकली होती ती कायमची. शेवटी खोकल्यानं तुम्हाला नेलं, पण त्याआधीची कितीतरी वर्षं तुम्ही भिंत धरून चालत होतात. तेराव्याला जमलेल्या बायकासुद्धा राणीसरकार म्हणूनच तुमची आठवण काढत होत्या, आणि मी त्यांना भाकरी वाढत होते.

आता केजचं सांगते. तिथल्या डाळ मिलमध्ये नऊ बायका पट्ट्यावर डाळ निवडतात, आठ-आठ तासांच्या पाळीत, उभ्यानं. आमच्या संस्थेतल्या इंजिनिअर मॅडमनं त्यांच्यासाठी खुर्च्या आणल्या. काय खुर्च्या आहेत, आत्याबाई! दांडा फिरवला की वर, फिरवला की खाली. मॅडमनं एकेकीचं कोपर मोजून एकेक खुर्ची लावून दिली. पंधरा दिवसांनी गेलो तर खुर्च्या भिंतीला रांगेनं लावलेल्या, बायका उभ्या. मॅडम हिरमुसली. पोर हुशार आहे, जीव तोडून काम करते. वहीत तिनं लिहिलं, 'प्रशिक्षण अपुरे'. म्हणून मंगळवारी प्रशिक्षण द्यायला मी उभी राहिले. बोलता बोलता माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथं एक पासष्टीची बाई पोतं टाकून भुईवर बसली होती आणि पट्ट्याखाली सांडलेली डाळ सुपात पाखडत होती. मी बोलत होते नऊ जणींशी, पण नऊच्या नऊ दर दोन वाक्यांनी तिच्याकडं चोरून बघत होत्या. ती दोघींची सासू होती आणि बाकीच्यांची कुणी ना कुणी थोरली.

तिथंच माझं भाषण थांबलं. घडवंची, पोत्यांच्या घड्या, काट्याकडं परत जाणारे मुकादम, तुमचं ते "मी थोरली हाय", सगळं एकदम कळलं. तुम्ही आम्हाला 'बसा, माझी परवानगी आहे' असं म्हणाला असतात तर कुणीच बसलं नसतं. मी तर नाहीच. धाकट्या आत्यांनी तुमच्यावर सून डोक्यावर चढवल्याचा आळ घेतला असता. म्हणून तुम्ही रीत मोडली नाहीत, आणि कुणाला कुणाचे उपकारही घ्यायला लावले नाहीत. तुम्ही नुसत्या आणखी वर गेलात. तेरा जणी बसाव्यात म्हणून एकीनं स्वतःचं नाव खराब करून घेतलं, कंबर मोडून घेतली, आणि जिच्यासाठी केलं तिलाही कधी सांगितलं नाही. आज मोठमोठ्या संस्थांत शिकलेली माणसं यंत्राची उंची मोजतात, माणसाची उंची मोजतात. सासूची उंची सुनेपेक्षा किती जास्त लागते, हे एकट्या तुम्ही मोजलंत, तेही शाळेची पायरी न चढता. मला हे लिहितानासुद्धा हात जोडावेसे वाटतात.

पाणी पिऊन मी त्या म्हाताऱ्या बाईपाशी जाऊन भुईवर बसले. म्हणाले, "मावशी, तुम्हाला सगळ्यांत उंच खुर्ची देऊ का?"

"मला कशाला बया? मी काय पाटलीन हाय?"

"तुम्ही वर बसलात तर ह्या बसतील."

तिनं सूप खाली ठेवलं. एकेकीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "माज्या धाकट्या सुनंचे पाय लई सुजत्यात. कर बाई वर. पार वर कर."

मी केली. पण तुमच्यासारखं होऊ दिलं नाही, आत्याबाई, तेवढं तरी शिकले. पायाखाली फळी ठोकून घेतली, आणि तिच्यासाठी डाळीचा ट्रे उंच टेबलावर घेतला, म्हणजे वाकायला नको. ती चढून बसली, पाय टेकवले, आणि मोठ्यानं ओरडली, "आता काय आरती वोवाळू? बसा की!" मॅडमनं मापानं लावलेल्या खुर्च्यांचे दांडे बायकांनी आपापल्या मानाप्रमाणं दोन बोटं वर, दोन बोटं खाली करून घेतले. मग सगळ्यांत धाकटी बसली, जपून, पदर सावरत, आणि बसल्यावर तिनं हळूच डोळे मिटले. मी तिच्याकडं बघूच शकले नाही. बाहेर जाऊन पोत्यांच्या थप्पीआड उभी राहिले आणि पोटभर रडले.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. तुमच्या नातीला वाचून दाखवावं असं मनात होतं, पण तेही होईल असं वाटत नाही, कारण पुढची गोष्ट लिहिल्यावर तिला दाखवायची माझी हिंमत होणार नाही. परत येताना जीपमध्ये मॅडम नुसती नाचायची बाकी होती. म्हणाली, हे अहवालात घालू, सगळ्या जिल्ह्यात करू, पुढच्या महिन्यात मोठी बैठक आहे तिथं तुम्हाला स्टेजवर बोलवू. मग तिनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "पण ही कल्पना मुळात कुणाची?"

आत्याबाई, मी म्हणाले, "माझी."